प्राध्यापकी ते राज्याचं राजकारण: गझाला हाश्मींचा रस्ता तुम्हाला चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही मूळच्या सांगलीच्या, अमेरिकेतल्या रिचमंडजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवता, आणि गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतलीत. इंग्रजीच्या प्राध्यापक असलेल्या गझाला हाश्मी व्हर्जिनियाच्या लेफ्टनंट गव्हर्नर (राज्यातलं गव्हर्नरखालोखालचं पद) झाल्यापासून ‘आपणही उभं राहावं का’ हे मनात घोळतंय. शिक्षक असण्याचा उपयोग होतो का, आपले उच्चार आड येतात का, पैसा कुठून येतो आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

मी या भागात बरीच वर्षं निवडणुकांची कामं करतोय. आधी दारोदार फिरायचो, पुढे मोहिमांचे हिशेब सांभाळू लागलो. बहुतेक काम डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी केलंय, तेव्हा माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा. उत्तर आधीच सांगून टाकतो. उभं राहता येईल. पण हाश्मींच्या गोष्टीतला जो भाग भारतातल्या वर्तमानपत्रांनी उचलला, म्हणजे ‘हैदराबादची लेक’, ‘पहिली मुस्लिम महिला’ वगैरे, तो तुमच्या फारसा कामाचा नाही. कामाचा आहे तो १९९१ ते २०१९ हा काळ, ज्यात बातमी होण्यासारखं जवळजवळ काहीच घडलं नाही.

हाश्मींचा जन्म १९६४ चा, हैदराबादचा. चार वर्षांच्या असताना आई आणि भावाबरोबर त्या जॉर्जियातल्या स्टेट्सबरोला आल्या. वडील तिथे विद्यापीठात शिकवत होते. आईही उस्मानियातून बी.एड. झालेली. म्हणजे घर शिक्षकांचंच. दक्षिणेतल्या शाळांमधून काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसवायला नुकती सुरुवात झाली होती, त्या दिवसांत ही मुलगी शाळेत गेली. पुढे जॉर्जिया सदर्नमधून इंग्रजीची पदवी आणि एमरी विद्यापीठातून अमेरिकन साहित्यात पीएच.डी. १९९१ मध्ये नवऱ्याबरोबर रिचमंड परिसरात येऊन राहिल्या. आधी युनिव्हर्सिटी ऑफ रिचमंड आणि मग रेनॉल्ड्स कम्युनिटी कॉलेज, अशी सगळी मिळून तीसेक वर्षांची अध्यापकी. रेनॉल्ड्समध्ये अध्यापकांना अधिक चांगलं शिकवता यावं म्हणून जे केंद्र निघालं, त्याच्या त्या पहिल्या संचालक होत्या.

मग २०१७ च्या जानेवारीत ट्रम्प यांचा काही मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना प्रवेशबंदी करणारा आदेश आला. या देशात आपल्याला घर आहे की नाही, असा प्रश्न तेव्हा पडल्याचं त्यांनी पुढे वेळोवेळी सांगितलंय. २०१९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आयुष्यातली पहिली निवडणूक लढवली, आणि तीही थेट राज्याच्या सिनेटची. ग्लेन स्टर्टेव्हंट या विद्यमान रिपब्लिकन सिनेटरला त्यांनी सुमारे ५४ टक्के मतं घेऊन हरवलं. त्या वर्षी ४० जणांच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सचे २१ निवडून आले आणि बहुमत फिरलं. ज्या जागांमुळे ते फिरलं त्यांतली एक ही.

इथे थांबून त्या जागेकडे बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. दहावा सिनेट मतदारसंघ म्हणजे रिचमंड शहराचा काही भाग, चेस्टरफील्ड काउंटीची उपनगरं आणि पलीकडची ग्रामीण पाउहाटन काउंटी. स्टर्टेव्हंट २०१५ मध्ये तिथे थोडक्यात निवडून आले होते. २०१६ नंतर रिचमंडच्या भोवतीची उपनगरं, विशेषतः तिथल्या शिकलेल्या बायका, रिपब्लिकन पक्षापासून दूर जाऊ लागल्या. चेस्टरफील्ड हा त्या पक्षाचा जुना गड, पण तोही हलू लागला होता. म्हणजे लाट होती, जागा पडण्याजोगी होती, आणि उमेदवार त्याच भागात अठ्ठावीस वर्षं राहणारी, शेजाऱ्यांच्या मुलांना निबंध लिहायला शिकवलेली बाई होती. यातलं एक जरी नसतं तर आज आपण हे बोलत नसतो. याच हाश्मी शेजारच्या एखाद्या पक्क्या रिपब्लिकन मतदारसंघात उभ्या राहिल्या असत्या, तर कितीही चांगल्या प्राध्यापक असोत, पडल्याच असत्या.

नव्या उमेदवारांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा हिरमोड होतो. आपली कहाणी लोकांना भिडेल, असा प्रत्येकाचा विश्वास असतो. कहाणी भिडतेही, पण ती कुंपणावरच्या दोन-तीन टक्क्यांना. बाकीचे पक्षाचं नाव बघून शिक्का मारून मोकळे होतात.

आता शिक्षक असण्याबद्दल. तुम्ही महाराष्ट्रात वाढलात, म्हणून ‘शिक्षक आमदार’ ही कल्पना डोक्यात असणं साहजिक आहे. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. तिथे शिक्षकच मतदार आणि शिक्षकांचे प्रश्न हाच प्रचार. व्हर्जिनियात तशी सोय नाही. इथे प्लंबर, निवृत्त सैनिक, चर्चमधली आजी, गर्भपाताच्या बाजूचे आणि विरोधातले, सगळ्यांपुढे एकाच वेळी उभं राहायचं. शिक्षक संघटनेचा पाठिंबा मिळाला तर कार्यकर्ते आणि थोडा पैसा मिळतो, पण व्हर्जिनियात संघटनांचा जोर उत्तरेकडच्या राज्यांइतका नाही. सार्वजनिक शाळांतल्या कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा रस्ता मोकळा करणारा कायदाच मुळी २०२० चा, आणि तो लागू झाला २०२१ मध्ये. त्यातही स्थानिक मंडळाने मंजुरी दिली तरच.

मग शिक्षकाला जमेची बाजू कोणती? पहिली म्हणजे विषय. अमेरिकेत शिक्षण हे राज्याचं खातं आहे. वॉशिंग्टनमधून येणारा पैसा त्यामानाने थोडा असतो. शाळेत किती शिक्षक लागतात आणि त्यातला किती खर्च राज्य उचलेल, हे राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, ‘स्टँडर्ड्स ऑफ क्वालिटी’ नावाच्या सूत्राने ठरतं. २००९ च्या मंदीत सरकारने शाळांतल्या शिक्षकेतर पदांवर मर्यादा घातली आणि पुढे मंदी गेली तरी ती बरीच वर्षं तशीच राहिली. विधिमंडळाच्याच तपासणी आयोगाने २०२३ मध्ये अहवाल दिला की व्हर्जिनियातल्या शाळांना दर विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा देशाच्या सरासरीपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आहे. हे सूत्र समजणारे आमदार कमी असतात, खरं सांगतो. वकील, विमावाले, बांधकामवाले यांना ते कंटाळवाणं वाटतं. तुम्ही गणित शिकवता. तुम्हाला ते एका रविवारी समजेल आणि पुढे कोणाच्याही स्वयंपाकघरात बसून पाच मिनिटांत समजावता येईल. ही ताकद छोटी नाही. हाश्मी २०२४ मध्ये सिनेटच्या शिक्षण आणि आरोग्य समितीच्या अध्यक्ष झाल्या, त्यात ज्येष्ठतेचा वाटा आहेच, पण विषयावरच्या पकडीचाही आहे. अर्थात समितीच्या नावात आरोग्यही आहे. गर्भनिरोधक साधनांच्या हक्काचं त्यांचं विधेयक २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षं मंजूर झालं आणि तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर यंगकिन यांनी दोन्ही वेळा व्हेटो वापरून परत पाठवलं. बहुमत असूनही हात बांधलेले राहतात ते असे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे कम्युनिटी कॉलेज. तिथे रात्रपाळी करून येणारा कामगार, दोन मुलांची आई, इराकमधून परतलेला सैनिक आणि नुकता आलेला निर्वासित एकाच बाकावर बसतात. मोठ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाला हा समाज भेटत नाही, तुम्हाला रोज भेटतो. शिवाय माजी विद्यार्थी सगळीकडे विखुरलेले असतात. दार उघडणारी परिचारिका ‘अहो, तुम्ही मला शिकवलंय’ म्हणाली की तो शिक्का पक्का.

आता उणी बाजू, आणि ती तितकीच मोठी आहे. आपल्याला पन्नास मिनिटांची सवय असते, दारात एक मिनिटही मिळत नाही. समोरचा चुकीचं बोलला की दुरुस्त करायची खोड असते, आणि मतदाराला दुरुस्त केलंत की ते मत गेलं. तिसरी अडचण पैसे मागण्याची. उमेदवाराला रोज तासन्‌तास फोनवर बसून ओळखीच्या-अनोळखी लोकांकडे पैसे मागावे लागतात. याला इथे ‘कॉल टाइम’ म्हणतात. आयुष्यभर विद्यार्थ्यांना काही ना काही देत आलेल्या माणसाला हे फार जड जातं. मी उमेदवारांना फोनच्या खोलीतून चहाच्या बहाण्याने पळताना पाहिलंय, आणि त्यांत शिक्षक सर्वांत जास्त.

वाद टाळण्याची प्राध्यापकी सवयही अंगाशी येऊ शकते. २०२५ च्या शरद ऋतूत रिपब्लिकन उमेदवार जॉन रीड यांच्याशी जाहीर वादविवाद करायला हाश्मी तयार झाल्या नाहीत. तेव्हा रीड यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या ‘हाश्मीं’शीच वादविवाद करून त्याचं चित्रीकरण लोकांपुढे आणलं. तो प्रकार हास्यास्पद होता हे खरं, पण संधी हाश्मींच्या बाजूनेच दिली गेली होती. रेडिओवर वर्षानुवर्षं बोललेल्या माणसापुढे जायचं नाही, हा डावपेच आघाडीवरच्या उमेदवाराला परवडतो. पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या तुम्हाला परवडणार नाही. त्या निवडणुकीत हाश्मींना ५५ टक्क्यांहून अधिक मतं मिळाली. खरी झुंज त्याआधी जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, झाली होती. सहा उमेदवार, त्यांत रिचमंडचे माजी महापौर लेव्हार स्टोनी आणि व्हर्जिनिया बीचचे सिनेटर एरन राउस. हाश्मी सव्वीस-सत्तावीस टक्क्यांच्या आसपासच्या मतांवर आणि एखाद्या टक्क्याच्या फरकाने जिंकल्या. इथे दुसरी फेरी नसते, ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी. दोन-तीन वजनदार उमेदवार एकमेकांची मतं खातात, आणि आपल्या भागात घट्ट रुजलेला उमेदवार मधून निघून जातो. हे गणित तुमच्या विषयातलंच आहे.

उच्चार आणि नाव. याबाबतीत आपल्याच माणसाचं उदाहरण हाश्मींपेक्षा जवळचं आहे. नागपूरच्या स्वाती दांडेकर आयोवासारख्या, जिथे भारतीय चेहरे तेव्हा विरळाच होते अशा, राज्यात १९९६ मध्ये लिन-मार शाळामंडळावर निवडून आल्या. २००२ मध्ये त्या राज्याच्या कनिष्ठ सभागृहात गेल्या, पुढे सिनेटमध्ये, आणि नंतर ओबामांच्या काळात आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या प्रतिनिधी झाल्या. भारतात जन्मून राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक जिंकणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या लोकांत त्यांचं नाव येतं. २००२ च्या प्रचारात त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने ईमेलमधून असा सवाल केला होता की जातिव्यवस्थेच्या देशात वाढलेली बाई आयोवाचे कायदे काय करणार. तो उलटला. सहा वर्षं शाळेच्या बैठकांत त्या बाईला पाहिलेल्या लोकांना ‘ही कोण?’ असा प्रश्न पडलाच नव्हता. त्यांच्याही आधी, १९९० मध्ये, मेरीलँडमध्ये कुमार बर्वे निवडून आले होते. राज्य विधिमंडळात जाणारे ते पहिले भारतीय वंशाचे अमेरिकन. पण ते जन्माने अमेरिकन, म्हणून तुमच्या प्रश्नात बसत नाहीत.

हाश्मींनी २०१९ मध्ये नाव लपवलं नाही की तोडलं नाही. गझाला हाश्मी हे अमेरिकनच नाव आहे, असं त्यांच्या मोहिमेने उलट ठणकावून सांगितलं. माझा अनुभवही तोच आहे. नाव आपण अवघडल्यासारखं उच्चारलं तर ऐकणाराही अवघडतो. आणि उच्चारांचं म्हणाल तर दक्षिण व्हर्जिनियातल्या गोऱ्या म्हाताऱ्यांचे उच्चार उत्तर व्हर्जिनियात कोणाला कळत नाहीत, तरी ते निवडून येतातच. हळू बोला, एवढं पुरे.

आता एक गोष्ट, तुमच्यापेक्षा तुमच्या भोवतीच्या मराठी मंडळींसाठी, कारण तुम्ही उभ्या राहिलात की पहिली धाव तिकडेच जाणार. तुम्ही नागरिक आहात, पण मदतीला येणारे बरेच जण नसतील. ग्रीन कार्ड असलेल्याला देणगी देता येते. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असलेल्याला संघराज्य, राज्य, स्थानिक, कुठल्याच निवडणुकीत एक डॉलरही देता येत नाही. तुम्ही तो घेतलात तर तुम्हीही अडकाल. बिनपगारी स्वयंसेवा मात्र त्यांना करता येते: पत्रकं भरणं, फोन करणं. मोहिमेचे निर्णय घेणाऱ्या खोलीत त्यांना बसवू नका. आणि नागरिक नसलेल्या कोणी वाहन परवान्याच्या खिडकीवर चुकून मतदार नोंदणीच्या चौकटीत खूण केली, तर प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. ही भीती घालण्यासाठी लिहीत नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा बसवून सांगा.

महाराष्ट्र मंडळाचंही तेच. बहुतेक मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात आणि अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. गणेशोत्सवाच्या मंचावरून ‘आपल्या ताईंना मत द्या’ म्हणणं मंडळाला महागात पडू शकतं. आरतीला या, प्रसाद घ्या, लोकांना भेटा, आणि निधीसाठी वेगळ्या दिवशी कोणाच्या तरी घरी जमा. तिथेही एक भ्रम नको. देशभरातले भारतीय पैसे देतील, भारतीय वंशाच्या उमेदवारांना मदत करणारे ‘इम्पॅक्ट’सारखे गट पाठिंबा देतील, पण ते तुमचे मतदार नाहीत. ह्यूस्टनच्या डॉक्टरचं मत चेस्टरफील्डमध्ये चालत नाही. भारतीयांच्या निधीवर उभ्या राहिलेल्या आणि स्वतःच्या गल्लीत कोणी न ओळखणाऱ्या उमेदवारांचे हिशेब मी सांभाळलेत. पैसा भरपूर, निकाल लवकर.

पैशाचं प्रमाण कळावं म्हणून: चुरशीच्या सिनेट जागेवर दोन्ही बाजूंनी मिळून लाखो डॉलर खर्च होतात, आणि हाश्मी लढल्या तेव्हा व्हर्जिनियात देणगीच्या रकमेवर मर्यादाच नव्हती. जागा जिंकण्याजोगी असेल तर पक्षाची केंद्रीय समिती स्वतःहून पैसा ओतते. नसेल तर तुमचा फोनही उचलत नाही. पगार? सिनेटरला वर्षानुवर्षं १८,००० डॉलर आणि डेलिगेटला, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या (‘हाऊस’च्या) सदस्याला, १७,६४० डॉलर, वर भत्ते. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं. सम वर्षात साठ दिवस चालतं, विषम वर्षात तीस, आणि तेही सहसा वाढवून पंचेचाळीसच्या आसपास नेतात. म्हणजे तुमचं वसंत सत्र बुडालं. हेनरायको काउंटीतले शाळाशिक्षक स्कायलर व्हॅनव्हॉल्कनबर्ग २०१७ मध्ये डेलिगेट आणि २०२३ मध्ये सिनेटर झाले, आणि तेही नागरिकशास्त्र शिकवत शिकवत. तेव्हा अशक्य नाही. पण तुमच्या कॉलेजचे नियम आधी लेखी मागून घ्या, विभागप्रमुखाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. घरात दुसरा पगार नसेल, तर या सगळ्यावर पुन्हा विचार करा, असंच मी सांगेन. व्हर्जिनियाचं विधिमंडळ निवृत्त, श्रीमंत किंवा वकील लोकांसाठी बेतलेलं आहे आणि तो त्याचा मोठा दोष आहे.

सुरुवात कुठून? दांडेकरांचा रस्ता, शाळामंडळाचा, मला हाश्मींच्या रस्त्यापेक्षा जास्त पसंत आहे. व्हर्जिनियात १९९२ च्या कायद्यानंतरच शाळामंडळं मतदानाने निवडली जाऊ लागली, आणि कागदोपत्री या निवडणुका पक्षविरहित असतात. तुम्ही कॉलेजात आहात, त्यामुळे काउंटीच्या शाळामंडळावर बसण्यात तिथल्या शाळाशिक्षकाला येते ती अडचण तुम्हाला यायची नाही. ज्या मंडळाचा पगार घ्यायचा त्यावरच बसता येत नाही. एक लक्षात असू द्या: इथल्या शाळामंडळाला कर लावायचा अधिकार नाही. पैशासाठी ते काउंटीचा कारभार बघणाऱ्या, निवडून आलेल्या सुपरवायझरांकडे हात पसरतं आणि सुपरवायझर राज्याकडे बोट दाखवतात. दोन वर्षं त्या खुर्चीवर बसलं की विधिमंडळात का जायचं ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याआधीही काम आहे. तुमच्या पत्त्याचा डेलिगेट आणि सिनेटर कोण आहे ते निवडणूक खात्याच्या संकेतस्थळावर बघा. २०२१ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी सगळे नकाशे नव्याने आखले, हाश्मींचा दहावा मतदारसंघही तेव्हा पंधरावा झाला, त्यामुळे शेजाऱ्याच्या जुन्या माहितीवर विसंबू नका. विद्यमान सदस्य तुमच्याच पक्षाचा असेल आणि काम बरं करत असेल, तर त्याच्याविरुद्ध उभं राहण्यात अर्थ नाही. त्याच्या मोहिमेत दारं ठोठवा. तो निवृत्त होईल किंवा वर जाईल तेव्हा जागा रिकामी होईल, आणि तिची कुणकुण आत काम करणाऱ्यालाच आधी लागते. स्थानिक पक्ष समितीच्या मासिक बैठकीला जा. ती कंटाळवाणी असते, दहा-पंधरा माणसं आणि गार झालेला पिझ्झा, पण उमेदवार कोण हे बऱ्याचदा तिथे ठरतं.

सिनेट आणि हाऊस, दोन्हींची पुढची नियमित निवडणूक नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे, प्रायमरी त्याच वर्षी जूनमध्ये. उमेदवारीसाठी हाऊसला १२५ आणि सिनेटला २५० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात, आणि सही करणारा त्याच मतदारसंघातला हवा. दुपटीने गोळा करा, कारण निम्म्या पत्त्यांत घोळ निघतो. २०२७ तुम्हाला फार जवळ वाटत असेल, तर ते जवळच आहे. त्या वर्षी दुसऱ्या कोणासाठी सह्या गोळा करा. ज्या दारांवर सह्या घ्याल, तीच दारं पुढे कधीतरी तुमच्यासाठी उघडायची आहेत, म्हणून कोण काय बोललं ते वहीत टिपून ठेवा.